संस्था काढताय? मंडळात कोणाची नावं टाकायची, हे आधी ठरवा



आपल्या प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो. "सर, एनजीओ रजिस्टर करायची आहे. सात नावं लागतात म्हणे. घरातली आणि दोन-चार मित्रांची टाकली तर चालेल ना?"

या प्रश्नामागे एक समजूत असते. नावं म्हणजे फॉर्म भरण्यापुरती लागणारी गोष्ट, खरं काम तर आपणच करणार आहोत! आजच्या लेखात ही समजूत तपासून बघू. कारण कायद्याच्या नजरेत संस्था म्हणजे तुमचा बोर्ड, तुमचं लेटरहेड किंवा तुमची मेहनत नसते. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत ज्यांची नावं आहेत, त्यांच्याच हातात संस्था असते. ही नावं चुकली की चार-पाच वर्षांनी, नेमकं काम वाढायला लागल्यावर, गाडी अडते.

महाराष्ट्रातला कायदा याबद्दल काय म्हणतो, ते आता साध्या भाषेत बघू.

आधी हे पक्कं करा: तुम्हाला संस्थाच हवी आहे का?

ना-नफा संस्था पैसे कमवू शकते, फी घेऊ शकते, पगार देऊ शकते. पण उरलेली रक्कम मंडळातल्या लोकांना वाटून घेता येत नाही. ती संस्थेच्या उद्देशासाठीच वापरावी लागते. तुम्हाला स्वतःच्या कमाईसाठी शिवणकाम केंद्र, क्लास किंवा मसाल्याचा धंदा करायचा असेल, तर प्रोप्रायटरशिप, भागीदारी, एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड बघा. "एनजीओ काढली की फंड मिळतो" एवढ्यावर संस्था काढू नका.

काम खरोखर समाजासाठी असेल, तर पुढे वाचा.

मंडळाला नाव काय द्यायचं?

कोणी म्हणतं विश्वस्त मंडळ, कोणी कार्यकारी मंडळ, कोणी व्यवस्थापक समिती, कोणी नियामक मंडळ. नवख्या माणसाला वाटतं की ही सगळी वेगवेगळी पदं आणि वेगवेगळे अधिकार आहेत.

संस्था नोंदणी अधिनियम १८६० मधला. एवढा जुना असूनही आपल्याकडे सोसायटी त्याखालीच नोंदली जाते. त्याचं कलम १६ फार सोपं आहे. संस्थेच्या नियमावलीने कारभार ज्यांच्याकडे सोपवला, ते संस्थेचं नियामक मंडळ. मग त्यांना गव्हर्नर म्हणा, कौन्सिल म्हणा, संचालक म्हणा, समिती म्हणा की विश्वस्त म्हणा. कायदा पाटी बघत नाही, कारभार कोणाकडे आहे ते बघतो.

महाराष्ट्रात याच्यावर दुसरा कायदा येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. जुन्या कागदांवर तुम्हाला तो मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने दिसेल. या कायद्यात धार्मिक किंवा धर्मादाय हेतूने काढलेली सोसायटीसुद्धा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था धरली जाते. म्हणून आपल्याकडे सोसायटीची दोनदा नोंदणी होते: एकदा १८६० च्या कायद्याखाली आणि एकदा १९५० च्या कायद्याखाली. 'एफ' अक्षराचा नोंदणी क्रमांक असतो ना, तो या दुसऱ्या नोंदणीचा.

आता महत्त्वाचा मुद्दा. १९५० च्या कायद्यात सोसायटीचं नियामक मंडळ 'व्यवस्थापक' या व्याख्येत येतं आणि 'विश्वस्त' या शब्दाच्या व्याख्येत व्यवस्थापकही धरलेला आहे. याचा अर्थ काय? तुम्ही भावाला "फक्त कार्यकारिणी सदस्य" म्हणून घेतलं असेल. पण कायद्यासाठी तो विश्वस्तच आहे. "मी नुसता सदस्य होतो, मला काही माहीत नव्हतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

मग नाव कुठलं घ्यायचं? सोसायटी असेल तर 'कार्यकारी मंडळ' किंवा 'व्यवस्थापक मंडळ', ट्रस्ट असेल तर 'विश्वस्त मंडळ'. एकच नाव निवडा आणि नियमावली, ठराव, बँकेचे कागद, लेटरहेड सगळीकडे तेच वापरा. एका कागदावर 'संचालक मंडळ' आणि दुसऱ्यावर 'कार्यकारिणी' असेल तर बँकेतला माणूस विचारणारच, की ही दोन मंडळं आहेत का?

काही ठिकाणी तर मंडळ कोणी नेमायचं हेही कायद्यानेच ठरवलेलं असतं. पंढरपूरच्या मंदिरांसाठी १९७३ चा, प्रभादेवीच्या सिद्धिविनायकासाठी १९८० चा आणि शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी २००४ चा असे स्वतंत्र कायदे आहेत. तिथली समिती राज्य सरकार नेमतं. तुमच्या-माझ्या संस्थेला असा वेगळा कायदा नाही. आपल्यासाठी ते काम आपली नियमावली करते. म्हणूनच ती दुसऱ्या संस्थेची कॉपी-पेस्ट नसावी.

कायदा ही नावं कुठे कुठे लिहून घेतो?

एकदा नाही, चार ठिकाणी.

पहिलं ठिकाण विधानपत्र, म्हणजे आपण ज्याला मेमोरँडम म्हणतो ते. सोसायटीसाठी कमीत कमी सात जण लागतात. संस्थेचं नाव आणि उद्देश यांच्यासोबत नियामक मंडळातल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि व्यवसाय त्यात लिहावा लागतो. ट्रस्टला मात्र ही सात जणांची अट नाही.

दुसरं ठिकाण दरवर्षीची यादी. १८६० च्या कायद्याचं कलम ४ सांगतं, की वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर चौदा दिवसांच्या आत मंडळाची यादी निबंधकाकडे द्यायची. नियमावलीत वार्षिक सभेची तरतूदच नसेल, तर जानेवारी महिन्यात. मंडळात काही बदल झाला नसला तरी यादी द्यायचीच असते.

तिसरं ठिकाण १९५० च्या कायद्याच्या कलम १८ खालचा अर्ज. यात विश्वस्तांची नावं-पत्ते तर द्यावे लागतातच, शिवाय पुढचा विश्वस्त कसा निवडला जाईल, ती पद्धतही लिहावी लागते. बरेच लोक इथे "नियमावलीप्रमाणे" असं लिहून मोकळे होतात आणि नियमावलीत त्याबद्दल एक ओळही नसते!

या अर्जावर चौकशी होऊन नोंद होते ती नोंदवहीत. तिच्या उताऱ्याला आपण 'शेड्युल वन' किंवा पीटीआरचा उतारा म्हणतो. शेतजमिनीला जसा सातबारा, तसा संस्थेला शेड्युल वन. बँक हाच मागते, सीएसआर निधी देणारी कंपनी हाच मागते, सरकारी योजनेच्या अर्जालाही हाच लागतो.

चौथं ठिकाण चेंज रिपोर्ट. मंडळातला कोणी वारला, कोणी राजीनामा दिला, मुदत संपून नवी निवड झाली, की बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत कलम २२ खाली तो कळवावा लागतो. तुम्ही सभा घेतली, हार घातले, पेढे वाटले, पण चेंज रिपोर्ट भरला नाही, तर उताऱ्यावर जुनीच नावं राहतात.

नाव टाकलं म्हणजे त्या माणसाने काय डोक्यावर घेतलं?

मित्राला "फक्त एक सही कर रे" म्हणण्याआधी हे त्याला वाचून दाखवा.

संस्थेची मालमत्ता वेगळ्या विश्वस्तांच्या नावे नसेल, तर कायदा ती नियामक मंडळाकडे असल्याचं धरतो. पण म्हणून मंडळाला ती हवी तशी वापरता येत नाही. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची, गहाण टाकायची, बक्षीस द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल तरीही लागते. संस्थेसाठी कर्ज काढायलाही आधी परवानगी लागते. आणि संस्थेचा पैसा विश्वस्ताने स्वतःसाठी उसना घेणं तर सरळ मनाच आहे. "दुकानाला माल भरायचाय, महिनाभराने परत टाकतो" हे धंद्यात चालत असेल, संस्थेत चालत नाही.

हलगर्जीपणामुळे, विश्वासभंगामुळे किंवा पैशाच्या गैरवापरामुळे संस्थेचं नुकसान झालं, तर चौकशी करून ती रक्कम संबंधित विश्वस्ताकडून वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. हिशोब वारंवार सादर न करणं, आदेश न पाळणं, कामाकडे सतत दुर्लक्ष करणं, अशा कारणांवरून कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं किंवा काढून टाकता येतं.

आयकराचाही धागा इथे जोडलेला आहे. संस्थेने विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला अवाजवी फायदा करून दिला, तर करातली सवलत धोक्यात येते. मंडळात सगळे घरचेच असतील आणि भाडंही घरच्याच गाळ्याचं असेल, तर प्रत्येक व्हाउचर तपासलं जाईल असं धरून चाला.

एक उदाहरण बघू

समजा, एका तालुक्याच्या गावात एका ताईंनी महिलांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. सात नावं लागतात म्हणून त्यांनी अशी यादी केली: स्वतः, नवरा, दीर, नणंदेचे यजमान, नवऱ्याचा एक मित्र, ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आणि गावातले एक राजकीय पुढारी. बायका एकच, त्या स्वतः!

पहिली तीन वर्षं सगळं छान चाललं. सभा कागदावर होत होत्या, सह्या घरी जाऊन घेतल्या जात होत्या. मग मित्र नोकरीसाठी आखातात गेला. शिक्षक वारले. दिराशी जमिनीवरून वाद झाला आणि तो खजिनदार होता. नियमावलीत मुदत पाच वर्षं लिहिलेली, पण पाच वर्षांनी निवडणूक घ्यायची कोणाला आठवण राहिली नाही.

सहाव्या वर्षी एका कंपनीने सीएसआरमधून शिलाई मशिनं द्यायची तयारी दाखवली आणि उतारा मागितला. उताऱ्यावर वारलेल्या शिक्षकांचं नाव, परदेशातल्या मित्राचं नाव आणि भांडलेल्या दिराचं नाव. बँकेत खजिनदाराची सही लागते आणि तो देत नाही. सभेला कोरम होत नाही. चेंज रिपोर्ट भरला, तर दीर हरकत घेतो की मला सभेची नोटीसच मिळाली नाही. नोटीस दिल्याचा पुरावा कुठे आहे? नाहीच.

यात कोणी पैसा खाल्ला नाही. ताईंचं काम खरं होतं. तरी मशिनं दुसऱ्या संस्थेला गेली. अडचण एकच होती, पहिल्या दिवशी केलेली नावांची यादी.

असं घडलंच तर रस्ता बंद नसतो. मंडळात कोणी उरलंच नाही किंवा कारभार ठप्प झाला, तर विश्वस्त नेमण्यासाठी कलम ४७ खाली अर्ज करता येतो. संस्थेच्या नीट कारभारासाठी योजना ठरवून घ्यायला कलम ५०अ आहे. पण त्यात वेळ जातो, वकिलाची फी जाते आणि चाललेलं काम थांबतं. सुरुवातीला दोन तास बसून विचार केलेला परवडतो.

मग कोणाला घ्यायचं?

सात खुर्च्या आहेत असं समजा आणि प्रत्येक खुर्चीला एक काम द्या. एक जण हिशोब समजणारा. एक जण ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यातलाच. महिलांची संस्था असेल तर महिला, शेतकऱ्यांची असेल तर शेतकरी. एक जण त्या कामातला जाणकार. एक जण कागदपत्रं सांभाळणारा, शक्यतो त्याच गावात राहणारा. घरातलं माणूस घेऊ नका असं कायदा म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण सभेचा निर्णय फक्त घरच्यांच्या हातांनी होईल, इतकी घरची माणसं नसावीत.

प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. वर्षातून किमान चार सभांना येशील का? माझ्या म्हणण्याला विरोध करायची वेळ आली तर करशील का? हिशोबावर सही करण्याआधी तो वाचशील का? तिन्हीला "हो" म्हणणारा माणूस सापडला, तर त्याला सोडू नका.

आणि फक्त वजन पडावं म्हणून मोठ्या माणसाचं नाव मंडळात टाकू नका. त्यांना 'सल्लागार' करा. सल्लागाराचा फोटो माहितीपत्रकात छापता येतो, पण तो सभेला आला नाही म्हणून तुमचा कोरम अडत नाही. मात्र सल्लागाराला मत नाही, हे नियमावलीत लिहून ठेवा.

नियमावलीत या सात गोष्टी असल्याच पाहिजेत

१. मंडळाचं नाव आणि सदस्यसंख्या. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, ते आकड्यात.

२. मुदत. तीन वर्षं की पाच? मुदत संपल्यावर नवी निवड होईपर्यंत जुनं मंडळ काम बघेल का, तेही लिहा.

३. निवड कोण करणार? सर्वसाधारण सभा की उरलेलं मंडळ?

४. मधेच जागा रिकामी झाली तर ती किती दिवसांत आणि कोणी भरायची?

५. सदस्यत्व कधी जाणार? राजीनामा, मृत्यू, सलग इतक्या सभांना गैरहजर, असं स्पष्ट. काढण्याआधी त्याला नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यायची, हेही लिहा.

६. सभेची नोटीस किती दिवस आधी, कशी द्यायची आणि कोरम किती?

७. बँकेत कोणाच्या सह्या? तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या ठेवा, म्हणजे एक माणूस रुसला तर खातं अडत नाही.

अजून एक. "संस्थापक म्हणून मी कायमचा अध्यक्ष" असं कलम घालायचा मोह बऱ्याच जणांना होतो. राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यादेश काढून कायमस्वरूपी विश्वस्तांच्या संख्येवर मर्यादा आणली: एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांश. म्हणजे आठ विश्वस्तांत दोन. तेव्हा कायमस्वरूपी पद ठेवायचंच असेल, तर वकिलाला ही तरतूद दाखवून ट्रस्ट डीडची भाषा ठरवा. माझा सल्ला विचाराल, तर तुमचं काम चांगलं असेल तर लोक तुम्हाला पुन्हा निवडतील. कलमाने धरून ठेवलेली खुर्ची कामाला बळ देत नाही.

चेंज रिपोर्टची फाईल आजपासूनच तयार ठेवा

९० दिवस खूप वाटतात, पण कागद गोळा करण्यातच संपतात. म्हणून प्रत्येक सभेनंतर लगेच ही कागदं एका फाईलमध्ये लावा: अजेंडा आणि तो पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, प्रोसिडिंगमधला ठराव, जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, येणाऱ्याचं संमतिपत्र आणि त्याची ओळखपत्रं. उशीर झालाच तर अर्जासोबत उशीर माफ करण्याची विनंती कारणासह जोडावी लागते. न भरता राहणं हा उपाय नाही. एक बदल अडकला की त्याच्यावरचे पुढचे सगळे बदल अडकतात, आणि मग एकदम तीन-तीन चेंज रिपोर्ट भरायची वेळ येते.

कंपनीचा मार्ग घेतला तर?

काही जण सेक्शन एट कंपनी काढतात. ती कंपनी अधिनियम २०१३ खाली, म्हणजे केंद्राच्या कायद्याखाली येते. तिथे मंडळाचं नाव ठरलेलं आहे: संचालक मंडळ. प्रायव्हेट कंपनी असेल तर दोन संचालक पुरतात. प्रत्येकाला संचालक ओळख क्रमांक लागतो आणि संचालक बदलला की ३० दिवसांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. माणसं कमी लागतात, पण दरवर्षीची कागदपत्रं आणि सीएचा खर्च जास्त. दोन माणसांचं मंडळ सोपं वाटतं. पण दोघांत मतभेद झाला तर तिसरं मतच नसतं, हेही लक्षात ठेवा.

आता तुमचं काम

संस्था अजून काढली नसेल, तर एका कागदावर सात नावं लिहा आणि प्रत्येकासमोर तो काय काम करणार ते लिहा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही, ते नाव खोडा आणि दुसरं शोधा.

संस्था आधीच असेल, तर या आठवड्यात शेड्युल वनचा ताजा उतारा काढा आणि आजच्या मंडळाशी जुळवून बघा. नावं जुळत नसतील, तर पुढचा प्रोजेक्ट, पुढचा अर्ज, पुढचा उद्घाटन सोहळा जरा बाजूला ठेवा. आधी सभा बोलवा, नोटीस रीतसर पाठवा आणि चेंज रिपोर्टची तारीख ठरवा.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत शिकत राहा, काम करत राहा!